गोष्टीतला कुत्रा म्हातारा का होत नाही?

दारातल्या कुत्र्याच्या आधी मराठी मुलाला गोष्टीतला कुत्रा भेटतो. स्वर्गाच्या दारापर्यंत युधिष्ठिराची सोबत करणारा, नामदेवांची कोरडी भाकरी पळवून त्यांना तुपाची वाटी घेऊन मागे धावायला लावणारा, दत्ताच्या पायाशी बसलेले चार, खंडोबाच्या घोड्याबरोबर धावणारा, आणि रायगडावरचा वाघ्या. वर्गात या कथा सांगितल्या जातात, त्यांवर प्रश्न विचारले जातात, 'इमानी प्राणी' या विषयावर निबंध लिहून घेतले जातात. जीवशास्त्राच्या नजरेने ही यादी पाहिली तर एक उणीव ठळक दिसते. यातला एकही कुत्रा म्हातारा होत नाही. भीम-अर्जुन जिथे कोसळले तो चढ युधिष्ठिराचा कुत्रा न धापता चढतो, कारण तो मुळात कुत्रा नसून धर्मच असतो. कुणाला मोतीबिंदू होत नाही, कुणाचे मागचे पाय लटपटत नाहीत, कुणी अंथरुणात मुतत नाही.

पाठ्यपुस्तकांतही वेगळे काही नाही. जीवनचक्राची आकृती आठवून पाहा. अंडे, अळी, कोश, फुलपाखरू आणि पुन्हा अंडे. बाण गोल फिरतो आणि वार्धक्याला त्या वर्तुळात जागाच उरत नाही. जातीचे चक्र म्हणून ते बरोबर आहे. एका जिवाचे आयुष्य मात्र वर्तुळ नसते. शिक्षकाला ही उणीव कधी जाणवते? एखादा मुलगा वर्गात उभा राहून सांगतो, "गुरुजी, आमचा कुत्रा मला ओळखत नाही," तेव्हा. या मुलाला देण्यासाठी आपल्या गोष्टींकडे काय आहे, हे तपासण्याचा या लेखाचा हेतू आहे.

सुरुवात वाघ्यापासून करू. शिवाजी महाराजांच्या चितेत त्याने उडी घेतली अशी आख्यायिका आहे. समकालीन कागदपत्रांत त्याचा उल्लेख मिळत नाही, म्हणून स्मारकावरून वाद झाले; २०१२ साली पुतळा काढला गेला आणि पुन्हा बसवला गेला, २०२५ साली मागणी पुन्हा पुढे आली. इतिहासाचा तो वाद इतिहासकारांनी पाहावा. मला रस आहे तो कथेच्या बांध्यात. मालकाच्या मरणाच्या दिवशीच मरून वाघ्या आपल्या वार्धक्याचा प्रश्न कायमचा मिटवतो. मालकानंतर सहा वर्षे जगलेला, आंधळा झालेला, कुणाकडे जायचे ते न कळणारा वाघ्या कुणी दगडात कोरला नसता.

जपानचा हाचिको याच बांध्यातला, फक्त त्याची कागदपत्रे पक्की आहेत. त्याचे मालक प्राध्यापक उएनो १९२५ च्या मे महिन्यात वारले. १९३५ च्या मार्चमध्ये स्वतः मरेपर्यंत हाचिको टोकियोच्या शिबुया स्थानकावर येत राहिला. त्याचा पुतळा १९३४ साली, तो जिवंत असतानाच उभारला गेला. जपून ठेवलेल्या त्याच्या अवयवांची टोकियो विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी पुन्हा तपासणी केली आणि २०११ साली निष्कर्ष जाहीर केला: हृदयात व फुफ्फुसांत कर्करोग, शिवाय हृदयात जंतांचा प्रादुर्भाव. पुतळ्याशेजारून रोज जाणारा खरा हाचिको हा अकरा वर्षांचा आजारी कुत्रा होता. लोकांना दिसत होते ते त्याचे इमान.

म्हातारा कुत्रा आहे तो ग्रीकांच्या 'ओडिसी'त. वीस वर्षांनी वेषांतर करून परतलेल्या धन्याला घरातले कुणी ओळखत नाही. उकिरड्यावर गोचिडांनी भरून पडलेला आर्गोस तेवढा ओळखतो, शेपटी हलवतो आणि प्राण सोडतो. प्रसंग फार सुंदर आहे आणि म्हणूनच तो जास्त फसवा आहे. शरीर पार गेले तरी कुत्र्याची ओळख जात नाही, असे तो ठसवतो. या तिन्ही कथांत कुत्र्याची किंमत त्याच्या स्मरणशक्तीवर ठरली आहे. मग स्मरणशक्तीच गेली, तर कुत्र्याचे काय उरते?

आणि ती जाते. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत अकरा-बारा वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांत आणि पंधरा-सोळा वर्षांच्या कुत्र्यांपैकी ६८ टक्क्यांत बौद्धिक ऱ्हासाचे निदान एक तरी लक्षण होते. लक्षणे साधी असतात, पण पाहावी लागतात. ओळखीच्या जागी वाट चुकणे, कोपऱ्यात शिरून बाहेर कसे यायचे ते न सुचणे, दार उघडते त्या बाजूला न जाता बिजागरीच्या बाजूला उभे राहणे. दिवसा झोपणे आणि रात्रभर येरझाऱ्या घालणे. शिकलेली शिस्त विसरून घरात घाण करणे. माणसांकडे जाणे सोडून देणे किंवा उलट क्षणभरही एकटे न राहणे.

मेंदूत काय घडते? माणसाच्या अल्झायमर आजारात बीटा-अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर चेतापेशींच्या बाहेर साचतात. कुत्र्याच्या मेंदूत तयार होणाऱ्या या प्रथिनातील अमिनो आम्लांचा क्रम माणसाच्या प्रथिनासारखाच, एकाही घटकाचा फरक नसलेला असतो, आणि म्हाताऱ्या कुत्र्यांत तसेच थर आढळतात. मेंदूचे आवरण आक्रसते, पोकळ्या रुंदावतात. मात्र अल्झायमरमध्ये चेतापेशींच्या आत दिसणारे दुसऱ्या एका प्रथिनाचे पक्के गुंते कुत्र्यात सहसा दिसत नाहीत. म्हणून 'कुत्र्याला अल्झायमर होतो' हे विधान घाईचे आहे. त्याच्यासारखा आजार होतो, एवढेच म्हणावे.

त्याला 'स्मृतिभ्रंश' हे नाव रूढ झाले आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हाच शब्द क्रोधापासून विनाशाकडे जाणाऱ्या उतरंडीची एक पायरी म्हणून येतो. तिथे तो मनाच्या असंयमाचा परिणाम आहे. तोच शब्द मेंदूच्या आजाराला लावला की नकळत दोषाची छटा चिकटते: 'बिघडला', 'नाठाळ झाला', 'मुद्दाम करतो'. म्हाताऱ्या माणसांबाबतही घरोघरी हीच वाक्ये ऐकू येतात.

माणसाच्या स्मृतिभ्रंशावर मराठीत एक उत्तम चित्रपट आहे, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' (२०१३). मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृतचे निवृत्त पंडित हत्तीच्या मागे मागे भान हरपून निघून जातात आणि माहुताच्या कुटुंबात पोहोचतात. माहुताची बायको चन्नम्मा, अमृता सुभाष यांनी उभी केलेली, त्यांची भाषासुद्धा धड न जाणता त्यांना लेकरासारखे सांभाळते. आपल्याला न ओळखणाऱ्या माणसाची किंमत ओळखीवर न मोजता त्याला भूक लागली आहे का, तो घाबरला आहे का, यावर मोजणारी ही बाई आहे. वाघ्याच्या कथेत जे नाही ते इथे सापडते. कुत्र्याच्या गोष्टींना अजून चन्नम्मा मिळालेली नाही.

त्याऐवजी आपल्याकडे वाक्प्रचार आहेत, आणि ते निरुपद्रवी नाहीत. 'कुत्रं रडतंय' म्हणजे गावात कुणीतरी जाणार, असे मानतात. रात्री दिशा न कळल्याने केकाटणारा म्हातारा कुत्रा असा अपशकुनी ठरतो आणि दगड खातो. 'कुत्रं मरायला घर सोडून जातं' हाही समज पक्का आहे. आजारी प्राणी आडोसा शोधतो हे खरे. पण वाट चुकलेला कुत्रा मरायला गेलेला नसतो, हरवलेला असतो, आणि त्याला शोधायला कुणी जात नाही याचे कारण हा समज आहे. 'अन्न सोडलं' या शब्दप्रयोगात तर सगळे तत्त्वज्ञानच दडले आहे. विनोबांनी १९८२ साली पवनारला अन्न-पाणी सोडले तो एका माणसाचा विचारपूर्वक निर्णय होता. जनावराला हा शब्द लावला की त्याच्या न खाण्यालाही संमतीचे रूप येते आणि तोंड उघडून दात पाहण्याचे कुणाला सुचत नाही.

सर्वांत गंभीर शब्द 'पिसाळला' हा. इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. गोल गोल फिरणारा, न ओळखणारा, अंगावर हात पडताच दचकून दात दाखवणारा म्हातारा कुत्रा पिसाळलेला समजून काठ्यांनी मारला जातो. उलट, खरोखरच रेबीज झालेला कुत्रा 'म्हातारा झालाय बिचारा' म्हणून दुर्लक्षिला गेला तर माणसाचा जीव जातो. फरक काळाचा आहे. स्मृतिभ्रंश महिनोन्महिने हळूहळू वाढतो. रेबीजची लक्षणे दिसू लागली की कुत्रा साधारण दहा दिवसांच्या आत मरतो. आवाज बदलतो, जबडा लोंबतो, लाळ गळते. तेव्हा वागणे एक-दोन दिवसांत अचानक बदलले असेल तर वय काहीही असो, पशुवैद्य नाही म्हणेपर्यंत रेबीजच समजावे आणि मुलांना दूर ठेवावे. चावा किंवा ओरखडा असेल तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठून लस सुरू करावी. कुत्रा घरचा आहे, म्हातारा आहे, ही लस टाळण्याची कारणे नव्हेत. हे एवढे तरी प्रत्येक शाळेच्या फळ्यावर एकदा लिहिले जावे.

माझे माहेर आष्टीचे. बीडची नव्हे, वर्ध्याची नव्हे, आणि १८१८ साली बापू गोखले पडले ती सोलापूरकडची तर नव्हेच. जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातली. आमच्या आखाड्यावर (शेतातल्या गोठ्या-खोपीला तिकडे आखाडा म्हणतात) मोत्या नावाचा गावरान कुत्रा होता. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून तुरीचे रान राखण्यात त्याचे आयुष्य गेले. चौदाव्या वर्षी तो कडब्याच्या गंजीत तोंड खुपसून उभा राहू लागला. फाटक उघडे असताना खांबाशी थांबू लागला. रात्री बाजेभोवती एकाच दिशेने फिरायचा. विहिरीला कठडा नव्हता, म्हणून त्याला कडुनिंबाला बांधले, तर दावे खोडाला गुंडाळून तो स्वतःला आवळून घ्यायचा. शेवटी भावाने विहिरीभोवती काट्याचे कुंपण केले आणि मोत्याला मोकळे सोडले. सोय म्हणून ही गोष्ट अगदी साधी आहे, पण अशा कुत्र्याच्या सांभाळात औषधाहून तीच मोठी ठरते: जागा बदलू नये, पाणी नेहमीच्या ठिकाणी असावे, रात्री एक दिवा राहावा, खड्डे-विहिरी झाकाव्यात, दिवसा थोडे हिंडवावे.

पावसाळ्यात त्याने खाणे बंद केले. माय म्हणाली, "अन्न सोडलंय त्यानं. जाऊ द्या त्याला सुखानं." तालुक्याच्या पशुवैद्यांनी तोंड उघडून पाहिले तर मागची दाढ सडून पू झाला होता. दाढ काढली. आठवड्याने मोत्या दुधात कुस्करलेली भाकरी खाऊ लागला आणि पुढे पाच महिने खात होता. गंजीत तोंड खुपसणे थांबले नाही, पण कण्हणे थांबले. वार्धक्याच्या नावाखाली दुखणे लपते. मूत्रपिंडाचे विकार, सांधेदुखी, बहिरेपण, मोतीबिंदू यांची लक्षणे स्मृतिभ्रंशात मिसळून जातात, आणि यांतल्या काहींवर इलाज असतो. 'आता वय झालं' हे निदान नव्हे.

वयाचाच विषय निघाला आहे म्हणून सांगते. कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशेब अजून वर्गांत शिकवला जातो. तो खोटा आहे हे विद्यार्थी स्वतः सिद्ध करू शकतात: एक वर्षाच्या कुत्रीला पिल्ले होतात, सात वर्षांच्या मुलीला नाही. २०२० साली कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी लॅब्रेडॉर कुत्र्यांच्या डीएनएवरील रासायनिक खुणा माणसांच्या खुणांशी ताडून एक सूत्र मांडले. कुत्र्याच्या वयाचा नैसर्गिक लॉगरिदम घ्या, १६ ने गुणा, ३१ मिळवा. एक वर्षाचा कुत्रा ३१ वर्षांच्या माणसाएवढा, चार वर्षांचा ५३, बारा वर्षांचा सुमारे ७१. म्हणजे कुत्रा आधी झपाट्याने आणि मग सावकाश म्हातारा होतो. हे सूत्रही एकाच जातीवरून काढलेले आहे. गावरान कुत्र्याला ते जसेच्या तसे लावू नये. पण अकरावी-बारावीच्या वर्गात लॉगरिदम कशाला शिकायचा, या प्रश्नाला हे चांगले उत्तर आहे.

वृत्तपत्री विज्ञानाचे आणखी एक उदाहरण. अमेरिकेतील 'डॉग एजिंग प्रोजेक्ट'ने १५,०१९ कुत्र्यांच्या मालकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वयाच्या प्रत्येक वाढत्या वर्षाबरोबर बौद्धिक ऱ्हासाची शक्यता ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. आणि खूप हिंडणाऱ्या कुत्र्यांच्या तुलनेत न हिंडणाऱ्यांत ती सुमारे साडेसहा पट. लगेच बातम्या आल्या: कुत्र्याला फिरवा, स्मृतिभ्रंश टाळा. अभ्यासात असे म्हटलेले नव्हते. न हिंडल्याने मेंदू ढासळतो, की मेंदू ढासळल्याने हिंडणे थांबते? एकाच वेळी भरलेल्या प्रश्नावलीतून हे ठरत नाही. कार्यकारणभावावर व्याख्यान देण्यापेक्षा ही एक बातमी वर्गात वाचून 'बाण कोणत्या दिशेने?' असे विचारावे. नियंत्रित प्रयोग झाले आहेत ते बीगल कुत्र्यांवर; दोन वर्षे चाललेल्या अशा एका प्रयोगात खेळ, सोबत, व्यायाम आणि पोषक आहार मिळालेल्या म्हाताऱ्या कुत्र्यांची शिकण्याची क्षमता जास्त टिकली. औषधांत सेलेजिलीनला अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळाली. काही कुत्र्यांना त्याने काही काळ बरे वाटते. आजार ते मागे फिरवत नाही.

आता अवघड भाग. केव्हा थांबायचे?

अमेरिकन पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी २००४ साली एक मोजपट्टी सुचवली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणे-फिरणे आणि वाईटापेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, अशा सात बाबींना प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर जगणे सुसह्य मानायचे. या आकड्याला मी फारसे मानत नाही. गुण देणारा मालकच, आणि मालकाचा कल ज्या बाजूला तिकडे बेरीज जाते. शिवाय पस्तिशी गाठली की पास, हा प्रकार आपल्याला शाळेतच पुरेसा भेटतो. पण शेवटची बाब उपयोगाची आहे, कारण ती मोजता येते. आमच्या घरी दुधाचा हिशेब 'कालनिर्णय'वर लिहितात. त्याच चौकोनांत माझ्या भावजयीने मोत्याच्या बऱ्या दिवसाला टिंब आणि वाईट दिवसाला फुली मारायला सुरुवात केली. बरा दिवस कोणता, हे आधी ठरवले: खाल्ले, एकदा तरी शेपटी हलवली, रात्री तीन तास सलग झोपला. अशा नोंदीने आठवणीची लबाडी थांबते. कालचा चांगला तास पाहून मागचा अख्खा वाईट आठवडा आपण विसरतो, आणि कधी याच्या उलटही होते.

या प्रश्नावरचे भारतातले सर्वांत धीट लेखन गांधीजींचे आहे. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत होते, इलाज उरला नव्हता. गांधीजींनी डॉक्टरांकडून त्याला इंजेक्शन देववून त्याचा अंत केला आणि ते 'नवजीवन' व 'यंग इंडिया'त जाहीरपणे लिहिले. पत्रांचा भडिमार झाला. त्याच लेखात त्यांनी पिकांची नासाडी करणाऱ्या माकडांचा प्रश्न वेगळा काढला: वासराला मारले ते वासरासाठी, माकडांना मारू ते आपल्यासाठी, पहिली अहिंसा असू शकते, दुसरी हिंसाच. हा भेद आजही कुणी याहून स्वच्छ मांडलेला नाही. तरीही स्मृतिभ्रंश झालेल्या कुत्र्यापुढे तो अपुरा पडतो. वासराची वेदना दिसत होती. मोत्याचे दुखणे म्हणजे अंधार पडताच येणारी भीती. तिला ना जखम, ना ताप. आणि त्याच्यासाठी काय व आपल्यासाठी काय, हे इथे वेगळे काढता येत नाही, कारण त्याच्या रात्री कुणाची तरी झोप खातात. थकलेला माणूस आधी खेकसतो, मग हात उचलतो. सांभाळणाऱ्याची दमणूक हिशेबात धरणे हा स्वार्थ आहे असे मला वाटत नाही.

सांभाळणारे कोण, हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका फार वेगळ्या आणि फार मोठ्या प्रकरणात आला होता. माणसाची नि कुत्र्याची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. घेण्याजोगे आहे ते तत्त्व. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या. लेखिका पिंकी विराणी यांच्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी निकाल देताना न्यायालयाने काही अटींवर उपचार थांबवण्याची वाट खुली केली, पण याचिका फेटाळली. त्यांची खरी वादमित्र लेखिका नव्हे, तर इतकी वर्षे रात्रंदिवस त्यांची शुश्रूषा करणारे केईएमचे कर्मचारी, असे न्यायालयाने म्हटले. आणि त्या परिचारिकांना अरुणा जगायला हव्या होत्या. ज्याचे हात राबतात त्याचा शब्द आधी, एवढा अर्थ मी या निकालातून घेते.

प्राण्यांबाबत कायद्याची रचना नेमकी उलटी आहे. माणसाच्या बाबतीत उपचार थांबवता येतात, इंजेक्शन देऊन जीव घेता येत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे जनावराला उपाशी-तहानलेले राहण्याच्या अवस्थेत सोडून देणे हा गुन्हा आहे, तर असाध्य यातनांत असलेल्या जनावराचा यातनारहित अंत करण्याला त्यात जागा आहे. भटक्या कुत्र्यांसाठीच्या २०२३ च्या नियमांतही असाध्य आजारी किंवा प्राणांतिक जखमी कुत्र्यापुरतीच ही मुभा आहे. पोत्यात घालून दूरच्या शिवारात सोडणे, हा खेड्यातला नेहमीचा 'अहिंसक' उपाय, कायद्याने गुन्हा आणि परिणामाने सर्वांत क्रूर. 'कुत्र्याची मौत' म्हणतात ती हीच.

मोत्याच्या बाबतीत माझे म्हणणे थांबू नये असे होते. मी ते फोनवरून सांगत होते. भावजय एकदा म्हणाली, "वन्सं, तुमी दिवसा इचारता, रातच्याला उठून बघणारी मी हाये." तिच्या 'कालनिर्णय'च्या पानावर त्या महिन्यात एकवीस फुल्या होत्या. मायचा विरोध शेवटपर्यंत होता. आपल्या हाताने कुणाचे मरण आणू नये, एवढेच ती म्हणत राहिली, आणि हे मत मला अडाणीपणाचे वाटत नाही. पण फुल्या मारणारीचा शब्द आधी, यावर अण्णा आणि भाऊ ठाम राहिले. पशुवैद्य आखाड्यावर आले. आधी गुंगीचे इंजेक्शन, मोत्या झोपल्यावर भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. भुलीने आधी मेंदूचे भान जाते, मग श्वास थांबतो, मग हृदय. या क्रमामुळेच मरण्याची जाणीव होत नाही. डोके भावजयीच्या मांडीवर होते. माय त्या दिवशी आखाड्यावर आली नाही.

राहिला प्रश्न मुलांना काय सांगायचे हा. शहरांतून 'झोपवले' हा शब्द आता खेड्यांपर्यंत पोहोचला आहे. तो इंग्रजीतून आलेला, सौम्य वाटावा म्हणून योजलेला शब्द आहे, आणि लहान मुलांपुढे तो टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. पाच-सहा वर्षांचे मूल शब्दाचा सरळ अर्थ घेते. इंजेक्शनने झोपलेला कुत्रा उठत नाही हे कळल्यावर त्याला स्वतःच्या झोपेची आणि लशीच्या सुईची भीती बसते. 'देवाघरी गेला' याने प्रश्न पुढे ढकलला जातो, तर 'पळून गेला' ही लबाडी मूल पुढे कधीतरी पकडतेच. 'दयामरण' हा वरच्या वर्गांत चर्चेला योग्य शब्द आहे. तो 'इच्छामरणा'हून वेगळा का, हेही तिथे विचारावे, कारण कुत्र्याची इच्छा कुणी विचारलेली नसते. भाच्याला आम्ही सांगितले ते असे: मोत्या फार म्हातारा झाला होता, त्याचा मेंदू आजारी होता, तो बरा होणार नव्हता, म्हणून डॉक्टरांनी औषध देऊन त्याला मारले, आणि ते औषध साध्या आजारासाठी देतात ते नसते. भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने विचारले, दुखले का. नाही, असे सांगता आले.